तापत्या अरबी समुद्रातील नत्राचा जमाखर्च

मुगाचे पीक निघाल्यावर जमिनीचा कस सुधारतो, हे नरडाणा परिसरातील कोरडवाहू शेतकऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही. मुळांवरील गाठींतील जीवाणू हवेतला नत्र बांधून पिकाला देतात आणि युरियाचा तेवढाच खर्च वाचतो. शिंदखेडा तालुक्यातून वाहणारी तापी ज्या अरबी समुद्राला मिळते, तेथे हेच काम ट्रायकोडेस्मियम हे नीलहरित सूक्ष्मजीव करतात. फेब्रुवारी ते मे या शांत, उष्ण महिन्यांत पश्चिम किनाऱ्याजवळ त्यांचा लाकडाच्या भुशासारखा तवंग पसरतो. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने त्याचा दीर्घकाळ अभ्यास केला आहे.

समुद्र तापल्यावर या जीवांचे काय होईल? पृष्ठभाग तापला की हलके पाणी वर तरंगत राहते आणि खालचे नायट्रेटयुक्त थंड पाणी वर येईनासे होते. इतर वनस्पती-प्लवकांची त्यामुळे उपासमार होते. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल व सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये पश्चिम हिंदी महासागरातील प्लवकांत सहा दशकांत २० टक्क्यांपर्यंत घट दाखविली, ती याच कारणाने. हवेतून नत्र घेणाऱ्या ट्रायकोडेस्मियमला मात्र ही चणचण भासत नाही.

त्याची अडचण वेगळी आहे. नत्र बांधणाऱ्या विकराला लोह भरपूर लागते. २०१८ मध्ये दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातील संशोधकांचे प्रयोग प्रसिद्ध झाले, त्यांतील निष्कर्ष अनपेक्षित होता. लोहाची टंचाई असताना या जीवाच्या वाढीचे सर्वाधिक अनुकूल तापमान सुमारे ५ अंशांनी वर सरकले आणि तेवढ्याच लोहात तो कितीतरी अधिक नत्र बांधू लागला. म्हणजे उष्णता त्याला काटकसर शिकविते!

यावरून ‘निसर्ग आपली भरपाई करील’ असा दिलासा काढणे उतावीळपणाचे ठरेल. अरबी समुद्राला लोह वाळवंटी धुळीतूनही मिळते. स्फुरद मात्र प्रामुख्याने खोल पाण्यातूनच यावा लागतो, आणि तीच वाट बंद होत आहे. शिवाय पाणी ३४ अंशांच्या आसपास गेले की त्याची वाढच खुंटते. खर्चाची बाजूही मोठी आहे. याच समुद्राच्या मधल्या थरांत प्राणवायू जवळजवळ नाही. तेथील जीवाणू नायट्रेटचे पुन्हा नत्रवायूत रूपांतर करतात. तापमानवाढीने हा थर विस्तारला, तर वरची जमा खाली गळून जाईल.

हा हिशेब ठेवणार कोण? हैदराबादची इन्कॉइस संस्था उपग्रहांच्या आधारे मच्छीमारांना माशांच्या संभाव्य जागा कळविते. त्या चित्रांत तवंगाचा रंगही दिसतो. पण किती नत्र बांधला गेला, हे रंगावरून कळत नाही. त्यासाठी भर समुद्रात जहाज नेऊन पाण्याचे नमुने तपासावे लागतात. पूर्व अरबी समुद्रातील अशा बहराच्या वेळचे पहिले थेट मोजमाप प्रसिद्ध व्हायला २०११ साल उजाडले होते.