काळी, पांढरी आणि दहा मिनिटे

पुण्याहून नगर रस्त्याने निघाले की वाघोलीनंतर जाहिरातफलकांची भाषा बदलते. 'हायवे टच', 'एमआयडीसी दहा मिनिटांवर', 'शाळा, दवाखाना हाकेच्या अंतरावर'. पेरण्यापुढे भीमा ओलांडली की शिरूर तालुका लागतो. मग कोरेगाव भीमा, सणसवाडी, शिक्रापूर. कालपरवापर्यंत शेतीवर जगणारी ही गावे आज महानगराची उपनगरे होत आहेत आणि त्यांची ओळख आता मिनिटांत सांगितली जाते.

या भाषेला नाके मुरडणे सोपे आहे. पाळीत काम करणाऱ्या, पुण्यातले घर न परवडणाऱ्या माणसाला दहा मिनिटांचे मोल विचारावे. रांजणगावच्या कारखान्यात सकाळी वेळेवर पोहोचणे ही त्याची खरी गरज आहे. तेव्हा तक्रार मिनिटांबद्दल नाही. मिनिटांखेरीज दुसरे काहीच सांगितले जात नाही, याबद्दल आहे.

आपल्या जुन्या गावगाड्यात जमिनीचे दोन भाग मानत: काळी आणि पांढरी. काळी पिकवायची, पांढरीत राहायचे. आज जमीन 'एन.ए.' होते, म्हणजे कागदोपत्री काळीची पांढरी होते. परंतु पांढरी अशी एका आदेशाने होत नसते, याचा उत्तम दाखला याच तालुक्यात आहे.

घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. तेथील पांढरीच्या टेकाडांवर डेक्कन कॉलेजने १९६८पासून सुमारे पंधरा वर्षे उत्खनन केले. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झैनुद्दीन अन्सारी यांच्या या कामातून इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळातील शेतकऱ्यांची वसाहत उजेडात आली. शंभराहून अधिक घरांचे अवशेष, धान्याची कोठारे, पुराचे पाणी वळवून नेणारा कालवा आणि त्याला लागून बांध. नऊशे वर्षे माणसे तेथे टिकली ती हे पाणी राखून. मृत बालकांना ती दोन रांजणांत, तोंडाला तोंड लावून, घराच्या जमिनीखालीच पुरत. प्रौढ मृतांची पावले घोट्यापासून तोडलेली आढळतात. मेलेल्याने घर सोडून जाऊ नये, असा त्यामागचा हेतू अभ्यासकांनी मांडला आहे. पुढे हवामान कोरडे होत गेले, चौकोनी प्रशस्त घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या आणि अखेर वस्ती उठली, असे उत्खननकर्त्यांचे म्हणणे. मृतांना जाऊ न देणाऱ्यांनाही पाणी आटल्यावर जावे लागले.

भीमेच्या दक्षिणेला, दौंड तालुक्यात, केडगाव आहे. पुणे–दौंड लोहमार्गावरचे हे स्थानकही आता पुण्याला कामासाठी ये-जा करणाऱ्यांचे झाले आहे. १८९६-९७च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी निराधार मुलींना येथेच आणले आणि मुक्ती सदन उभे राहिले. तेथे शेती, विणकाम, छपाई शिकविली जाई. रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून केलेले बायबलचे मराठी भाषांतर याच सदनातील स्त्रियांनी छापले. १९२२ साली रमाबाईंचे निधनही येथेच झाले. बाहेरून आलेल्या, कोणाच्याच नसलेल्या माणसांचे गाव कसे वसवावे, याचा हा धडा उपनगराला शिकण्याजोगा नाही काय?

आणि कोरेगाव भीमा. १ जानेवारी १८१८च्या लढाईतील कंपनीची तुकडी शिरूरच्या छावणीतून निघाली होती. १९२७ साली त्याच तारखेला डॉ. आंबेडकर तेथील विजयस्तंभापाशी आले. तेव्हापासून तो स्तंभ लाखोंसाठी स्वाभिमानाची खूण आहे. १ जानेवारी २०१८ रोजी या परिसरात हिंसा उसळली. अशा जागी राहायला येणाऱ्याला त्या स्तंभाचा अर्थ ठाऊक नसेल, तर ती तारीख त्याला केवळ वाहतूक वळविल्याची सूचना म्हणून, नाहीतर भीती म्हणून कळते. शेजाऱ्याच्या आयुष्यातली सर्वांत मोठी खूण आपल्याला ठाऊक नसणे, हे चांगले शेजारपण नव्हे.

येथे 'मूळचे' आणि 'उपरे' असा भेद मला सुचवायचा नाही. तो तर फार धोक्याचा. उलट, ज्याच्या नावावर सातबारा नाही त्यालाही जागेचा इतिहास आपला म्हणता येतो. इनामगावच्या शेतकऱ्यांचा वारस आज कोण, हे कोणीही सांगू शकणार नाही. म्हणूनच ते सर्वांचे पूर्वज.

पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण २०१५ साली स्थापन झाले आणि शिरूर-दौंडचा काही भाग त्याच्या कक्षेत आला. रस्ते होतील, इमारतीही होतील. नव्या गृहसंस्थेच्या पहिल्या सभेत वाहनतळाच्या वादाआधी दोनच प्रश्न विचारले जावेत, एवढीच अपेक्षा: आपले पाणी कोठून येते, आणि आपल्याआधी येथे कोण राहत होते? उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्याला पहिला प्रश्न सुचतोच. दुसऱ्याचे उत्तर शोधले, तर पहिल्याचे गांभीर्यही कळेल. मुलांना एखाद्या रविवारी इनामगावला न्यावे. ते दहा मिनिटांवर नाही, पण तेथे जाऊन आल्यावर आपल्या घराखालची माती काळी होती की पांढरी, हे मूल नक्की विचारील.