परकीय हात आणि बंगाली कॅम्प

चौदा एप्रिलच्या वर्गणीची बैठक होती. चंद्रपूरच्या बंगाली कॅम्पातले चार पोट्टे आले. पावती फाडा म्हणाले. आपला एक कार्यकर्ता, चांगला शिकलेला, मला कोपऱ्यात नेऊन म्हणतो, "काहून घेता यांचे पैसे? बांगलादेशी आहेत हे. उद्या आपल्या सवलतीत वाटा मागतील." दहा मिनिटांपूर्वी हाच पठ्ठ्या ओरडून सांगत होता, की अमेरिका अन् चीन आपला देश फोडायला टपलेत.

दोस्ता, आता ऐकून घे.

परक्या सत्तांना आपल्या फाटाफुटीचा फायदा होतो का? होतो. न व्हायला काय झालं? 1947 च्या जुलैत रॅडक्लिफ नावाचा वकील लंडनहून आला. त्यानं आधी हिंदुस्थान पाहिलेलाच नव्हता. पाच आठवड्यांत त्यानं बंगाल अन् पंजाब कापले. रेघ कुठून गेली ते लोकांना कळलं 17 ऑगस्टला, झेंडे लागून गेल्यावर. 1954 ला अमेरिकेनं पाकिस्तानशी लष्करी मदतीचा करार केला. 1971 च्या मार्चमध्ये ढाक्याच्या रस्त्यांवर फिरले ते रणगाडे अमेरिकी बनावटीचे. सुमारे एक कोटी माणूस सीमा ओलांडून इकडं आलं. शस्त्रं विकणाऱ्याचं कोणाचंच नुकसान झालं नाही.

पण आपण जंगलातली माणसं. लाकूड फोडताना पाचर कुठं ठोकतात हे आपल्याला शिकवावं लागत नाही. भेग असते तिथं ठोकतात. पूर्व बंगालच्या नमःशूद्राला 1911 च्या जनगणनेत नाव बदलून मिळेपर्यंत सरकारी कागदावर 'चांडाळ' लिहीत. जमीनदाराच्या ओसरीवर त्याला जागा नव्हती. ही भेग लंडनमध्ये पाडलेली नव्हती.

आता हे बांगलादेशी कोण ते सांगतो. 1946 ला मुंबईच्या विधिमंडळातून घटना समितीवर जायची बाबासाहेबांची वाट काँग्रेसनं बंद केली होती. बंगालमधून त्यांना निवडून पाठवलं ते जोगेंद्रनाथ मंडल आणि त्यांच्या साथीदारांनी. मंडल नमःशूद्र, बारिसालकडचे. लीगच्या भरवशावर ते पाकिस्तानचे पहिले कायदेमंत्री झाले. 1950 च्या ऑक्टोबरात राजीनामा देऊन कलकत्त्याला परत आले. दुसऱ्याच्या छत्राखाली आपली माणसं वाचत नाहीत, हे त्यांना कळायला तीन वर्षं लागली. आपल्यातल्या काहींना अजून कळायचं आहे.

अन् बाबासाहेब? 1951 चा राजीनामा म्हटला की आपण हिंदू कोड बिलापाशी थांबतो. पुढचं वाचतच नाही. त्याच निवेदनात परराष्ट्र धोरण आहे. 350 कोटींच्या वार्षिक महसुलातले 180 कोटी सैन्यावर जातात, कारण जगात आपल्याला मित्र उरला नाही, असा त्यांचा हिशेब होता. काश्मीरपेक्षा पूर्व बंगालमधल्या आपल्या लोकांची काळजी जास्त करा, असं त्यांनी साफ सांगितलं. दिल्लीनं ऐकलं नाही. 1964 ला दंगली पेटल्या. रायपूरजवळची माना छावणी भरून वाहिली. त्या साठीच्या दशकात पूर्व बंगालच्या निर्वासितांना आपल्या चांदा जिल्ह्यात आणून वसवलं, आज गडचिरोलीत असलेल्या चामोर्शी-मुलचेऱ्याच्या रानात. नदीच्या देशातला माणूस सागाच्या रानात.

ते रान गोंड-माडियांचं. त्यांना कोणी विचारलं? कोणीच नाही. त्यांचा राग खोटा नाही. पण जमीन वाटणारा दिल्ली-मुंबईत बसला, अन् भांडण शेजाऱ्या-शेजाऱ्याचं लागलं.

वेगळा विदर्भ म्हटलं की 'देश तोडता काय' म्हणून पुढारी गळा काढतात. बाबासाहेबांनी 1955 ला मराठी मुलखाची चार राज्यं सुचवली होती. राज्याच्या रेघेनं माणूस तुटत नाही. यादीतल्या रेघेनं तुटतो. अनुसूचित जातींची यादी राज्यागणिक वेगळी, घटनेच्या 341 व्या कलमाप्रमाणे. नमःशूद्र पश्चिम बंगालमध्ये अनुसूचित, मुलचेऱ्यात ओपन! जात तीच, गरिबी तीच. फाळणीत घर गेलं, अन् इथं येऊन दाखलाही गेला.

आणि आपण म्हणणार, तेरा टक्क्यांत वाटेकरी नको. अरे, तेरा टक्के म्हणजे काय दगडावरची रेघ आहे? माणसं वाढली तर टक्का वाढवून मागा. रिकाम्या ठेवलेल्या जागांचा हिशेब मागा. ज्यांच्या पाठबळावर बाबासाहेब घटना समितीत पोचले, त्यांच्याच नातवंडांना परकीय म्हणून हाकलायचं, अन् वर परकीय हाताच्या नावानं बोंब मारायची? तो हात इथं यायची गरजच काय? त्याचं काम आपणच फुकटात करतो आहोत.

त्या चौघांची पावती मी फाडली. गडचिरोलीच्या कलेक्टर कचेरीवर आपला पुढचा मोर्चा जाईल, तेव्हा मागण्यांच्या कागदावर नमःशूद्रांच्या दाखल्याची मागणी घालायची आहे. कोणाला पटत नसेल त्यानं बैठकीत उभं राहून बोलावं. कोपऱ्यात नेऊन नको.