तीन दुखणी, पण औषध एकच नव्हे

गेल्या महिन्यात ओळखीच्या एक मावशी दवाखान्यात आल्या. तक्रार स्वतःची नव्हती. त्यांची मुलगी अमेरिकेत न्यू जर्सीला असते. ‘डॉक्टर, तिला लाइमचा आजार झालाय म्हणे. लिंबाने कसला आजार होतो?’ असे विचारून त्यांनी एक चिठ्ठी पुढे केली. तीवर डॉक्सिसायक्लिन हे नाव होते. ‘चार महिन्यांच्या गोळ्या लिहून द्या. दीर पुढच्या आठवड्यात तिकडे चाललेत, त्यांच्याबरोबर पाठवते.’

मी गोळ्या लिहून दिल्या नाहीत. का, ते इथे सांगतो. मुले परदेशी असलेली घरे आता आपल्या गावातही पुष्कळ आहेत, आणि जाणाऱ्याबरोबर औषधे पाठवण्याची चालही घरोघरी आहे.

लाइमचा लिंबाशी संबंध नाही. ते अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यातल्या एका गावाचे नाव. १९७५ च्या सुमारास तेथील बऱ्याच मुलांचे सांधे सुजू लागले. पॉली मरे ही गृहिणी आपली व मुलांची दुखणी लिहून ठेवत होती. पण डॉक्टर बरीच वर्षे तिचे म्हणणे मनावर घेत नव्हते. अखेर तिने आणि दुसऱ्या एका आईने आरोग्य खात्याला कळवले, तेव्हा तपास सुरू झाला. १९८१ साली विली बर्गडॉर्फर या शास्त्रज्ञाला गोचिडीच्या पोटात मळसूत्रासारखा जंतू सापडला. तोच या आजाराचे मूळ.

ही गोचीड लहानपणी खसखशीच्या दाण्याएवढी असते. ती साधारणपणे एक दिवसाहून अधिक काळ चिकटून राहिली तरच जंतू अंगात शिरतो. म्हणून दिसताच चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढून काढावी. रॉकेल लावणे, चटका देणे असले प्रकार करू नयेत. चावल्यानंतर ३ ते ३० दिवसांत बहुतेकांच्या अंगावर पसरत जाणारा लाल चट्टा उठतो. ताप, अंगदुखी होते. (आपल्या सिंधुदुर्गात २०१६ पासून आढळलेला माकडतापही गोचिडीमुळेच होतो, पण तो विषाणूचा आणि निराळा आजार आहे.)

मावशींच्या मुलीला चट्टा उठला, तेथील डॉक्टरांनी १४ दिवस डॉक्सिसायक्लिन दिले आणि चट्टा व ताप गेला. इथवर सारे योग्य झाले. पुढे मात्र अंगावरून पांढरे जाऊ लागले, खाज सुटली. लाजेपायी तिने डॉक्टरांना सांगितले नाही. मग जबडा दुखू लागला. सकाळी अधिक, आणि पोळी चावताना फार. थकवा तर होताच. कोणीतरी सांगितले, ‘जंतू शरीरात दडून बसलाय, चार महिने गोळ्या घे.’ तेथील डॉक्टरांनी नकार दिला, म्हणून मावशी माझ्याकडे.

माझे म्हणणे असे, की दुखणे राहिले म्हणजे जंतू राहिलाच असे नव्हे. प्रत्येक दुखण्याचे कारण वेगळे शोधले पाहिजे.

आधी बुरशीचे पाहू. अँटिबायोटिक वाईट जंतूंबरोबर योनीमार्गातले राखणदार जंतूही मारते. राखण गेली की तिथे आधीपासून असलेली कँडिडा ही बुरशी फोफावते. दह्यासारखे पांढरे जाते, खाज व आग होते. तपासून बुरशीचीच खात्री झाली, तर आत ठेवायच्या क्लोट्रिमॅझोलच्या गोळ्यांनी बहुधा काही दिवसांत बरे वाटते. गरोदर स्त्रीने डॉक्टरांना विचारल्यावाचून पोटात काही घेऊ नये. त्रास वारंवार होत असेल तर रक्तातील साखर तपासावी. म्हणजे ज्या गोळीने हे दुखणे आणले, तीच आणखी चार महिने घ्यायची, असा हा बेत होता!

आता जबडा. लाइममुळे सांधे सुजतात, बहुधा गुडघा. क्वचित जबड्याचाही सांधा. त्यामुळे डॉक्टरांनी तो तपासायलाच हवा. पण काळजीत असलेला माणूस झोपेत दात खातो, दिवसाही दात आवळून बसतो आणि सकाळी जबडा ठणकतो, हे फार जास्त वेळा आढळते. त्याला गरम शेक, मऊ आहार, ओठ मिटलेले पण दात सुटे ठेवण्याची सवय, आणि गरज पडल्यास दातांच्या डॉक्टरांकडून रात्री बसवायचे कवच, हे उपाय. चालताना जबडा दुखून घाम येत असेल, तर मात्र हृदयाची तपासणी तातडीने करावी.

राहता राहिला थकवा. योग्य उपचारानंतरही काही रुग्णांना कित्येक महिने थकवा व अंगदुखी राहते. ती खरी असते, मनाचे खेळ नसतात. पण अशा रुग्णांना ९० दिवस अँटिबायोटिक देऊन २००१ साली अमेरिकेत पाहिले. औषधाविना नुसत्या गोळ्या घेणाऱ्यांपेक्षा त्यांना अधिक गुण आला नाही. २०१६ साली नेदरलँडमधील अभ्यासातही लांबवलेल्या औषधाचा असाच अनुभव आला. शिवाय रक्ताची तपासणी आजार बरा झाल्यावरही महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे दोष दाखवू शकते. तेवढ्यावरून जंतू जिवंत आहे असे म्हणता येत नाही. मात्र गुडघा सुजला, तोंड वाकडे झाले, छाती धडधडून चक्कर आली, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

आम्हा डॉक्टरांचाही यात दोष आहे. ‘तुम्हाला काही झालेले नाही’ असे म्हणून आम्ही रुग्णाला वाटेला लावतो. मग तो ज्याने ऐकून घेतले त्याचे औषध घेतो, भले तो वैद्य असो वा शेजारी. पॉली मरेचे ऐकले असते, तर या आजाराचा शोध कदाचित लवकर लागला असता.

मावशींना मी कागदावर तीन ओळी लिहून दिल्या: पांढरे जाते ते न लाजता सांग, जबडा दाखव, थकव्याची रोज नोंद ठेवून ती वही डॉक्टरांपुढे ठेव. त्या म्हणाल्या, ‘मग दिरांबरोबर पाठवू काय?’ म्हटले, ‘मेतकूट पाठवा. मऊ भाताबरोबर जबड्याला सोसेल.’