एकोणतीस म्हणजे किती?

व्यापारी गावास हिशेब काय शिकवावयाचा, असे पनवेलच्या पेठेत कोणी म्हणेल, तर त्यास आमचा एकच प्रश्न आहे: आपल्या सहा वर्षांच्या मुलास एकोणतीस म्हणजे किती, हे चिंचोके मांडून दाखविता येते काय? पाहुण्यांपुढे शंभरापर्यंत अंक घडाघडा म्हणणारी मुले घरोघर आहेत. परंतु पाठ झालेला अंक व समजलेला अंक यांत, ऐकीव गोष्ट व प्रत्यक्ष साक्ष यांइतके अंतर आहे.

सन 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'एकवीस' हा अंक 'वीस एक' असाही वाचण्याचे सुचविले गेले, तेव्हा केवढा गहजब झाला! कै. मंगला नारळीकर यांच्या समितीने दाखविलेली अडचण खरी होती. आपण लिहितो आधी दोन, उच्चारतो आधी एक, मूल गोंधळणारच. स्वभाषेचा अभिमान आम्हांसही आहे. परंतु त्या वेळी तावातावाने भांडलेल्यांपैकी किती जणांनी घरी मुलापुढे चिंचोके मांडले असतील, याची आम्हांस शंकाच आहे.

दहा-दहांच्या तीन ओळी मांडाव्या व शेवटचा चिंचोका हळूच उचलावा. रिकामी जागा पाहून मूल आपण होऊन सांगेल की, तिसांत एक उणा. 'एकोणतीस' या शब्दाचा अर्थ तरी दुसरा काय आहे? एकोणचाळीस, एकोणपन्नास त्याच वाटेने सुटतात. नव्याण्णवापाशी मात्र भाषेनेच नियम मोडला आहे, ती चोरी मुलासच पकडू द्यावी! आजीची एकी-बेकी हा सम-विषमाचा धडाच होय. सहा कवड्या टाकून चार उताण्या पडल्या, तर पालथ्या न पाहता किती, हे विचारावे.

वेळ नाही, ही सबब आम्हांस मान्य नाही. विजेचे काटे आल्यापासून जुना ताजवा अनेकांच्या माळ्यावर पडून असेल. तो खाली काढून एका पारड्यात किलोचे वजन, दुसऱ्यात अर्ध्या किलोची दोन ठेवू द्यावी. आणि मुलगा ताजव्यापाशी, मुलगी चुलीपाशी, ही वाटणी येथे तरी नको. भाकरीची अर्धी व चतकोर दोघांनीही मोडावी, ताजवाही दोघांनी धरावा.

मूल चुकल्यास डोळे वटारू नयेत, पुन्हा मोजू द्यावे. तीन वर्षांखालील मूल मात्र चिंचोका नाकातोंडात घालते. त्यास टोपलीतले कांदेबटाटे पुरेत.