हमनवा म्हणजे होयबा नव्हे

नेता म्हटला की आपल्याला माईक धरणारा माणूस आठवतो. वऱ्हाडात आपण उर्साची कव्वाली ऐकतो, शेजारच्या गल्लीतले भजनही ऐकतो, पण त्यांची काम करण्याची रीत उचलत नाही. संगीताबद्दल आपल्यात मतभेद आहेत. ते क्षणभर बाजूला ठेवून ही रीत तेवढी पाहू.

मुख्य कव्वाल ओळ म्हणतो आणि हमनवांच्या स्वाधीन करतो. ते ती घोळवतात, तेवढ्यात त्याला दम घेता येतो. मागच्या रांगेची टाळी चुकली की सगळ्यांचाच ताल बिघडतो. म्हणून तिथे टाळी देणाराही बिनकामाचा नसतो.

ही मागची रांगच पुढचा कव्वाल घडवते. पाकिस्तानातील नुसरत फतेह अली खान यांचे वडील १९६४ मध्ये वारले. त्यानंतर पार्टी चुलते मुबारक अली खान यांनी सांभाळली आणि १९७१ मध्ये ते गेल्यावर ती नुसरत यांच्याकडे आली. १९९७ मध्ये नुसरत गेले, तेव्हा लहानपणापासून त्यांच्यासोबत गाणारा पुतण्या राहत तयार होता.

आपल्या अमरावती जिल्ह्यातही असे उदाहरण आहे. तुकडोजी महाराजांनी १९३५ मध्ये मोझरीला गुरुकुंज आश्रम उभारला. खंजिरी त्यांच्या हाती असे, पण शब्द आणि चाल इतकी सोपी की समोरचा शेतकरीही म्हणू लागे. १९६८ मध्ये महाराज गेले. सामुदायिक प्रार्थना मात्र आजही गावोगावी होते. त्यांनी ती आपल्या गळ्यापुरती ठेवलीच नव्हती.

आता अमरावती-अकोल्यातल्या आपल्या मोहल्ला कमिट्या आठवा. कितीतरी ठिकाणी वर्षानुवर्षे एकच सदर, हिशोबाची वही त्यांच्याच घरी. तरुण काही बोलला की उत्तर ठरलेले, "तू अभी बच्चा है." मग सदरसाहेब आजारी पडले की मुलांचे शिष्यवृत्तीचे फॉर्मही पडून राहतात. तारीख निघून जाते. नुकसान कोणाचे?

इथे एक फरक लक्षात घ्यावा. होयबा सदरांची चूकही तशीच पुढे म्हणतो. चांगला हमनवा सूर सुटला तर तो सांभाळून घेतो आणि जागेवर आणतो. असे लोक हवे असतील तर त्यांना आधी काम द्यावे लागेल. यंदा हिशोबाची वही एखाद्या तरुणाकडे आणि फॉर्मचे काम शिकलेल्या दोन मुलींकडे सोपवा. सदरांनी शेजारी बसावे, अडले तिथे सांगावे. मान त्यांचाच राहील, आणि त्यांच्यानंतर कामही राहील.