शुक्रवारचे म्हापसे

लहान शहरात राहणे म्हणजे ओळखीच्या नजरेखाली राहणे. ती नजर कधी जाचते, कधी सावरते. परंतु संकटसमयी शेजाऱ्याला हाक मारावी लागत नाही, हे तिचेच देणे. म्हापशाचा शुक्रवारचा बाजार ही या ओळखीची पेढी होय. मयड्याची केळी, गावठी मिरची, पावसाळ्याआधीचे पुरुमेंत यांच्या खरेदीबरोबरच बार्देशातील गावे येथे एकमेकांची खबरबात घेतात. १९६१ साली गोवा मुक्त झाला, १९८७ साली घटकराज्य झाला, इमारती उंचावल्या. मात्र टोपली घेऊन जमिनीवर बसणाऱ्या बाईची जागा आक्रसली, तर शहर वाढेल आणि माणूस परका होईल. तिला हक्काची जागा राखणे हे नगरपालिकेचे उपकार नव्हेत, कर्तव्य आहे. तिच्याशी चार शब्द बोलून माल घेणे, हे आपले.