सेवा ‘एकमेकांची’, की एकीचीच?



दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतरांगांत क्वेचुआ भाषा बोलणारे शेतकरी समाज राहतात. पेरूमधल्या त्यांच्या अनेक गावांत मुलीला मागणी घालण्याची रीत अशी : मुलाचे आईवडील कोकाची पाने आणि दारू घेऊन मुलीच्या घरी जातात. तिच्या आईवडिलांनी ती स्वीकारली की होकार झाला. मुलामुलीने एकमेकांना बहुधा आधीच पसंत केलेले असते. पण शब्द दिला-घेतला जातो तो दोन घरांमध्ये.

पुढे लग्नाआधीच दोघे एकत्र राहू लागतात. याला ‘सिर्विनाकुय’ म्हणतात. सेवा करणे या अर्थाच्या स्पॅनिश शब्दाला ‘एकमेकांची’ असा अर्थ देणारा क्वेचुआ प्रत्यय लागून हा शब्द झाला. सोळाव्या शतकात स्पॅनिश राज्यकर्त्यांनी आणि चर्चने ही चाल मोडायचा प्रयत्न केला, ती टिकली. न पटल्यास मुलगी माहेरी परतू शकते, मूल झाले असले तरी तिला फारसा कलंक लागत नाही, असे अभ्यासकांनी नोंदवले आहे. शिवाय अनेक गावांत मुलींनाही जमीन आणि जनावरे वारशाने मिळतात. आपल्यातल्या कितीजणींना याचा हेवा वाटेल!

पण मुलगी राहायला जाते ती बहुतेकदा मुलाच्या घरी. सासूच्या हाताखाली ती पारखली जाते. मग सेवा ‘एकमेकांची’ कशी?

‘कारी-वार्मी’, म्हणजे पुरुष-बाई मिळून एक, असे तिथे मानतात. तो पायनांगराने जमीन फोडतो, ती बी पेरते. दोघांवाचून शेती नाही. संसाररथाची दोन चाके आपणही ऐकत आलो आहोत. परंतु परस्परपूरक म्हणजे समान नव्हे. मारिसोल दे ला कादेना यांनी १९९१ मध्ये कुस्कोजवळच्या चितापाम्पा गावाविषयी लिहिताना हेच दाखवले : पुरुष शहरात गेले, स्पॅनिश शिकले, त्यांचा मान वाढला, गावात राहिलेल्या बायका ‘अधिक इंडियन’, म्हणून दुय्यम ठरल्या. पेरूमध्ये १९५५ साली स्त्रियांना मताधिकार मिळाला, तोही साक्षर स्त्रियांनाच. ही अट १९७९ च्या राज्यघटनेने काढली. तोवर असंख्य क्वेचुआ स्त्रिया मतदानाबाहेरच राहिल्या. शेतकरी समुदायांच्या कार्यकारिणीत किमान ३० टक्के स्त्रिया असाव्यात, हा कायदा व्हायला २०१९ साल उजाडले.

म्हणून अशा प्रथेला सरसकट मागासलेली म्हणणे जसे चूक, तसे ‘त्यांच्याकडे समानताच आहे’ म्हणून तिचे गोडवे गाणेही चूक. परत येण्याची मोकळीक आणि स्वतःच्या नावाची जमीन ही त्या बायकांची खरी ताकद आहे; ती जपायलाच हवी. पण जोडीच्या नावाखाली एकीचेच श्रम गृहीत धरले जात असतील, तर तेही बोलायला हवे. काय ठेवायचे आणि काय टाकायचे, हे त्या बायकाच ठरवतील. आपण त्यांचे म्हणणे नीट ऐकू या, आणि आपल्या घरातली ‘दोन चाके’ही एकदा तपासून पाहू या.